बोट बदलू नका, बैठक बदला!

शनिवारची सकाळ. आठवडाभर एक्सेल शीटशी झुंजलेले हात आता वल्ह्यावर आहेत. मागून लाट येते. तुम्ही जोर लावून चार हात मारता, कायाकचं शेपूट वर उचललं जातं आणि... सही! तुम्ही लाटेवर आहात. एक सेकंद, दोन सेकंद. तेवढ्यात बोटीच्या मनात काय येतं कोण जाणे, ती गर्रकन एका बाजूला वळते, लाटेला आडवी होते आणि पुढच्या क्षणी तुमच्या नाकातोंडात खारं पाणी!

वर आल्यावर माणूस पहिली शिवी बोटीला घालतो आणि दुसरा विचार नव्या बोटीचा करतो. ‘ही टूरिंगवाली आहे रे, सर्फिंगसाठी वेगळीच लागते.’ पगार नुकताच जमा झालेला असतो, कार्डाची लिमिट शिल्लक असते, आणि सोमवारपासून लंच टाइममध्ये बोटींचे फोटो बघणं सुरू होतं.

मंडळी, जरा टाइम प्लीज. सर्फिंगची बोट वेगळी असते, हे खरं. पण आडव्या जाणाऱ्या बोटीची बरीचशी दुखणी बसणाऱ्याच्या बैठकीत, वजनात आणि बोटीच्या पोटात साठलेल्या पाण्यात असतात. ती नव्या बोटीतही तुमच्या सोबत येणार. तेव्हा आधी आहे ती बोट सुधारूया. खर्च थोडा फोम, दोन पाण्याच्या बाटल्या आणि एक वीकेण्ड.

मुळात ती आडवी का जाते?

सकाळची गर्दीची लोकल आठवा. उतरणारा पुढचा माणूस दारात अडतो, मागून लोंढा ढकलतो. तो माणूस सरळ पुढे जातो का? नाही, तो फिरतो आणि आडवा होतो. कायाकचं नेमकं हेच होतं. लाटेच्या माथ्यावरचं पाणी किनाऱ्याच्या दिशेने धावत असतं आणि दोन लाटांमधल्या खोलगट भागातलं पाणी उलटं, समुद्राकडे ओढलं जात असतं. तुमच्या बोटीचं शेपूट माथ्यावर आणि नाक खोलगट भागात. शेपटीला धक्का, नाकाला ब्रेक. नाक पाण्यात जितकं खोल रुतेल, तितकी बोट त्याच्याभोवती फिरणार.

दुसरी भानगड स्पीडची. पाणी कापत जाणाऱ्या बोटीच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्याला टेकणारी लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ने गुणायचं, की नॉटमध्ये तो वेग मिळतो. म्हणजे ९ फुटी कायाकला ४ नॉट, ताशी जेमतेम साडेसात किलोमीटर. १६ फुटीला साधारण १० किलोमीटर. आता लाट बघा. मीटरभर उंचीची लाट साधारण सव्वा मीटर खोलीवर फुटते आणि ढोबळ हिशेबाने तिथे तिचा वेग ताशी तेरा किलोमीटरच्या घरात असतो. हा फरक तुमचे हात भरून काढू शकत नाहीत. तो लाटेचा उतार भरून काढतो. घसरगुंडीवरून आल्यासारखी बोट उतारावरून खाली येते आणि पाणी कापायचं सोडून पाण्यावरून घसरायला लागते. सपाट पोटाची बोट हे सहज करते, गोल पोटाची कुरकुरत करते.

म्हणूनच लांब बोट लाट लवकर पकडते, पण पकडल्यावर ऐकत नाही. आखूड बोट ऐकते, पण लाट उशिरा पकडते. दोन्हीचे फायदे एकाच बोटीत हवे असतील, तर त्याला समुद्राकडे उत्तर नाही.

पहिलं काम : बोटीचं पोट तपासा

आपल्याकडे किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक कायाक वर बसायच्या, म्हणजे सिट-ऑन-टॉप प्रकारच्या. आतून पोकळ. तळाशी पाणी निघून जाण्यासाठी आरपार भोकं असतात, त्यांना स्कपर म्हणतात. या भोकांच्या कडेला किंवा सीटच्या स्क्रूपाशी बारीक चीर गेली की पोकळीत पाणी शिरतं. वरून काहीच दिसत नाही. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो. ते एका जागी बसून राहिलं असतं तरी चाललं असतं. पण बोट लाटेवरून खाली झुकली की ते सगळं धावत नाकाशी जातं, नेमकं तिथे वजन नको असताना. तुम्ही म्हणता बोट खराब; खरं म्हणजे बोटीला जलोदर झालेला असतो.

तपासायची पद्धत सोपी. पाण्यातून बाहेर आलात की मागचं बूच काढा, बोट कलती करा आणि बादलीत किती पाणी पडतं ते बघा. एक-दोन पेले पडले तर सोडून द्या. अर्धी बादली पडली तर भोक शोधा. त्यासाठी आत दोन बादल्या पाणी ओता, बाहेरून बोट कोरडी पुसा आणि हळूहळू कलती करत कुठून थेंब येतो ते पाहा. एक लक्षात ठेवा, या बोटींचं प्लॅस्टिक पॉलिइथिलीन असतं. त्यावर घरातला नेहमीचा गोंद टिकत नाही. चीर असेल तर प्लॅस्टिक वेल्डिंग करणाऱ्याकडे जा.

आत बसायची बोट असेल तर पुढे-मागे हवेच्या पिशव्या फुगवून ठेवा. उलटल्यावर बोटीत कमी पाणी शिरेल आणि ती ओढत किनाऱ्याला आणताना पाठ वाचेल. पाण्याने भरलेली कायाक सहज शंभर किलोच्या पुढे जाते.

दुसरं काम : बोट ‘घाला’

कायाक मुळात इनुइटांची. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात शिकारीला जाणाऱ्या माणसाची बोट त्याच्याच शरीराच्या मापाने बांधली जायची. ग्रीनलंडमधलं एक परंपरागत माप सांगतात : लांबी दोन्ही हात पसरून होणाऱ्या अंतराच्या सुमारे तिप्पट, रुंदी कंबरेइतकी आणि वर दोन मुठी. शिंप्याने कपडे बेतावेत तशी बोट बेतलेली. आपण मात्र ‘फ्री साइझ’ बोटीत बसतो आणि ती आपलं ऐकत नाही म्हणून चिडतो.

कंबर हलवली की बोट हलली पाहिजे, हा साधा फंडा. सीटवर तुम्ही इकडून तिकडे सरकत असाल तर कंबरेने दिलेला इशारा बोटीपर्यंत पोचतच नाही. मग सगळं काम खांदे करतात आणि सोमवारी माउस धरवत नाही.

बैठक चार ठिकाणी पक्की करा.

पाय : तळवे टेकतील असा आधार हवा आणि गुडघे थोडे वाकलेले. पाय पूर्ण सरळ राहत असतील तर आधार जवळ घ्या.

मांड्या : आत बसायच्या बोटीत मांडीवर आधार असतो. सिट-ऑन-टॉपवर मांड्यांवरून जाणारे पट्टे लावता येतात. सगळ्यात जास्त फरक पाडणारी वस्तू कोणती असं विचारलंत, तर हे पट्टे.

कंबर : दोन्ही बाजूंना दाट, पाणी न शोषणाऱ्या फोमचे तुकडे बसवा. सोफ्यातला स्पंज नको, तो पाणी पिऊन लोळागोळा होतो. थोडा जास्त जाड तुकडा घ्या आणि कानशीने घासत मापात आणा.

पाठ : पट्टा कंबरेच्या वर, पण उंच नको. आरामखुर्चीसारखी उंच पाठ असेल तर मागे झुकता येत नाही, आणि लाटेवर मागे झुकणं हेच तर अर्धं स्टिअरिंग.

आता महत्त्वाचं. घट्ट म्हणजे अडकलेलं नाही. कंबरेइतक्या शांत पाण्यात, सोबत एक मित्र उभा असताना, बोट मुद्दाम उलटी करा आणि बाहेर या. पाच वेळा करा. गुडघे जवळ घेतले की पट्टे सुटले पाहिजेत. आत बसायच्या बोटीत कंबरेभोवती स्कर्ट लावत असाल, तर त्याची ओढायची दोरी बाहेर आहे ना, हे प्रत्येक वेळी हाताने चाचपा. ही परीक्षा पास झाल्याशिवाय लाटांकडे तोंड करायचं नाही. इथे ग्रेस मार्क नाहीत.

तिसरं काम : वजनाचा हिशेब

नाक खाली आणि शेपूट वर, ही भांडणाची सुरुवात. म्हणून वजन थोडं मागे न्यायचं. पण किती? इथेच लोक गंडतात. वजन फार मागे गेलं की बोट जड होते, लाट पुढे निघून जाते आणि वारा आला की हलकं झालेलं नाक भरकटतं.

स्क्रू काढून सीट हलवण्याआधी एक स्वस्त प्रयोग करा. दोन लिटरची पाण्याची बाटली घ्या, काचेची अजिबात नको. ती तुमच्या बैठकीच्या १२० सेंटिमीटर मागे पक्की बांधा. ६५ किलोच्या माणसाने जवळपास पावणेचार सेंटिमीटर मागे सरकून बसल्यावर जो परिणाम होईल, तोच ती एक बाटली करते. आहे की नाही झक्कास? ड्रिल नको, पाना नको. बाटली मागे बांधून पाच लाटा, काढून पाच लाटा, पुढे बांधून पाच लाटा. कुठे बरं वाटलं ते लिहून ठेवा. मग हवं तर सीट सरकवा, तेही एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. फोमही नवा, सीटही नवी, वल्हंही नवं असं केलंत तर कशामुळे काय सुधारलं ते कळणारच नाही.

बोट काय सांगते, ते असं ओळखा.

नाक पाण्यात घुसतंय : वजन मागे न्या, किंवा लाटेवरून थेट खाली न उतरता थोडं तिरकं उतरा.

लाट पायाखालून निघून जातेय : वजन पुढे आणा, किंवा वल्हवायला आधी सुरुवात करा.

दर वेळी एकाच बाजूला वळतेय : तुम्ही मध्यावर बसलेले नाही आहात, किंवा एका हाताने जास्त ओढताय. मित्राला मागून व्हिडिओ काढायला सांगा, लगेच कळेल.

आणि सगळ्यात हलतं वजन म्हणजे तुमचं धड. लाट पकडताना पुढे झुका. बोट उतारावर घसरायला लागली की मागे झुका. एवढं टायमिंग जमलं तरी बोट नवी घेतल्यासारखी वाटते.

चौथं काम : वल्हं सुकाणू होतं

लाटेवर चढल्यावरही लोक वल्हवतच राहतात. त्याची गरज नसते, आता इंजिन समुद्राचं आहे. तुमचं काम स्टिअरिंगचं. धड एका बाजूला वळवा, वल्ह्याचं पातं शेपटीजवळ पाण्यात उभं, बोटीला समांतर धरा. उजवीकडे धरून पातं बाहेर ढकललं की नाक उजवीकडे वळतं. डावीकडे तसंच डावीकडे. हे पहिल्या सेकंदात करायचं, बोट सरळ असतानाच. ती वळायला लागल्यावर केलं तर तो आगीनंतर घेतलेला विमा.

सुरुवातच तिरकी करा, हा जुना आणि खात्रीचा उपाय. लाट ज्या बाजूला अजून फुटलेली नाही, त्या बाजूला नाक थोडं वळवून उतरा. नाक खोलगट भागात रुतत नाही आणि राइड लांबते. सपाट पोटाची आखूड बोट असेल तर वळायच्या बाजूला कड दाबा, बाइक वळवताना झुकता तसं. लांब, गोल पोटाच्या बोटीत शांत पाण्यात उलटा अनुभव येतो : डावी कड दाबली की नाक उजवीकडे जातं. आपली बोट कुठल्या जातीची आहे, हे खाडीच्या शांत पाण्यातच तपासून घ्या.

एवढं करूनही बोट आडवी गेलीच तर? जाणारच, कधी ना कधी. तेव्हा भांडू नका. ताबडतोब लाटेच्या बाजूला कला, फेसाकडे. वल्हं त्याच बाजूला, आडवं, फेसावर टेकवा. मन ओरडून सांगतं की लाटेपासून लांब झुक, किनाऱ्याकडे झुक. त्याचं ऐकलंत की खालची कड पाण्यात अडकते आणि बोट पलटी. लाटेवर झुकलात तर तोच फेस तुम्हाला टेकू देत आडवं-आडवं किनाऱ्याला आणून सोडतो. यात हात खाली ठेवा. कोपर खांद्याच्या वर गेलं आणि लाटेने वल्हं हिसकलं, तर खांदा निखळू शकतो. हा या खेळातला ओळखीचा आणि महागडा अपघात आहे. सिक लीव्ह संपते, खांदा मात्र महिनोन्महिने आठवण करून देतो.

फिन लावू का?

सर्फबोर्डवर सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियन सर्फरने १९८०-८१च्या सुमारास तीन फिनची रचना लोकप्रिय केली आणि तेव्हापासून तीच सगळीकडे रुळली. सर्फ कायाकमध्येही फिन असतात. स्पर्धांमध्ये दोन मुख्य वर्ग आहेत. हाय परफॉर्मन्स वर्गातल्या बोटी आखूड, सपाट आणि फिनवाल्या. इंटरनॅशनल क्लासमधल्या किमान ३ मीटर लांब आणि बिनफिनच्या. म्हणजे फिनशिवायही अव्वल सर्फिंग होतं.

फिनमुळे शेपूट लाटेत पकड घेतं आणि घसरत नाही. पण हीच पकड उथळ पाण्यात उलटते. आडवी झालेली बिनफिनची बोट किनाऱ्याकडे घसरत जाते. फिनवाली अडखळते आणि पलटते. नवीन असाल तर सध्या थांबा. आणि मागे उघडझाप होणारं सुकाणू असलेली टूरिंग बोट असेल तर लाटांमध्ये ते वर उचलूनच ठेवा. मोडलं तर नुकसान बोटीचं, लागलं तर कुणाच्या तरी डोक्याचं.

मग नवी बोट कधी घ्यायची? पोट कोरडं आहे, बैठक पक्की आहे, वजन जुळलंय, दहापैकी सात लाटांवर तुम्ही ठरवलेल्या बाजूला जाताय आणि तरीही वाटतंय की बोट पुरत नाही. तेव्हा जरूर घ्या. घेताना पोट सपाट आहे का, कडा धारदार आहेत का आणि पुढून-मागून केळ्यासारखा बाक किती आहे, ते पाहा. बाक जास्त तर वळण झटपट आणि नाक वर, पण वेग कमी. एव्हाना तुम्हाला काय हवंय ते तुम्हीच दुकानदाराला सांगू शकाल.

कुठे आणि कधी?

आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत समुद्र शांत असतो. लाटा छोट्या, पाणी उबदार. शिकायला याहून बरं काय हवं? पावसाळ्यात मात्र नाव काढू नका. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी असते. दर्यात वाढलेला माणूस जेव्हा होडी वर काढून शाकारून ठेवतो, तेव्हा आपण वीकेण्डवाल्यांनी शहाणपणा शिकवू नये. जाण्याआधी गावातल्या एखाद्या काकांना विचारा : ओढ कुठे आहे, खडक कुठे आहेत, भरती किती वाजता. ऐन भरतीला बऱ्याच किनाऱ्यांवर लाट थेट वाळूवरच आपटते, तेव्हा चहा प्या. लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पोहणाऱ्यांची, तिथे बोट न्यायची नाही.

ऑनसाइटवर बे एरियात असाल तर सॅन होजेपासून तासाभरावर सांताक्रूझ आहे. तिथल्या स्टीमर लेनवर कायाक सर्फिंगच्या मोठ्या स्पर्धा वर्षानुवर्षं झाल्या आहेत. पाणी गार, वेटसूट हवाच. आणि स्टीमर लेन बघायला. शिकायला जवळचा काउल्स बीच. इंग्लंडमध्ये असाल तर कॉर्नवॉलचं ब्यूड गाठा. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा दिसला की समजा, ती जागा बोर्ड आणि कायाकवाल्यांची.

आणि एक मॅनर्स. कायाकवाला बसल्या जागी लाट लवकर पकडू शकतो, म्हणून प्रत्येक लाट त्याची होत नाही. लाट जिथे फुटतेय, तिच्या सगळ्यात जवळ जो आहे, त्याचा पहिला हक्क. तुमच्याकडे वीस किलोचं प्लॅस्टिक आहे, समोरच्याकडे फक्त डोकं.

फ्रिजवर चिकटवा

१. निघण्याआधी बूच घट्ट, लाइफ जॅकेट अंगात, हेल्मेट डोक्यावर.

२. पहिल्या दिवशी गुडघ्याएवढ्या लाटा, त्याही फेसाच्या. कंबरेएवढ्या पुढच्या वेळी.

३. बोट उलटली की तुम्ही समुद्राच्या बाजूला, बोट किनाऱ्याच्या बाजूला. मध्ये कधीही उभं राहू नका.

४. एकटे जाऊ नका.

५. एका दिवसात एकच बदल. दहा लाटांनंतर वहीत एक ओळ.

६. हात थकले की बाहेर. ‘एक शेवटची’ म्हणून घेतलेली लाटच बहुतेक वेळा भोवते.

तर येत्या वीकेण्डला बोटींचे फोटो बघणं बंद, आणि बादली घेऊन बोटीचं बूच उघडा. काय सांगावं, तुमची नवी बोट त्या जुन्या बोटीतच असेल. फक्त दहा लिटर पाण्याखाली!